तपासणीच्या दिवशी भरलेला वॉर्ड

मी इथे फारसं लिहीत नाही. आज राहवत नाही.

पत्नीला जाऊन महिना झाला. आमची मुलगी परभणीजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकते. कॉलेजच्या दवाखान्यात रुग्णच नसतात, मग मुली शिकणार कशा, अशी तक्रार पत्नीने केली होती. त्यावर आज कॉलेजची मान्यता तपासणारी समिती आली. तक्रारदार म्हणून पत्नीच्या जागी मी गेलो.

वॉर्ड पूर्ण भरलेला होता. एका बेडवर हाताला सलाईन लावून आमच्या शेजारचे नामदेवकाका पडले होते. पत्नीच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता.

"काका, तुम्ही?"

"हळू बोल बाबा. गाडी भरून आणलंय आमाला. जेवण हाय म्हणले."

तेवढ्यात समितीचे साहेब आले. "काय त्रास होतोय?"

"छातीत लय दुखायलंय साहेब," काका म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "रुग्ण तर आहेत. तुमचं काय म्हणणं?"

काकांना सगळ्यांसमोर खोटं पाडणं मला जमलं नाही. मुलगी दारातून बघत होती. तक्रारीत तथ्य नाही, असं सांगून समिती गेली.

संध्याकाळी नामदेवकाकांच्या घरून काकूंनी, पत्नी गेल्यापासून महिनाभर पाठवतात तसा, डबा पाठवला. मुलीने तो उघडला नाही.

तुम्हीच सांगा, तिला मी काय सांगू?