अंगठा पोचेल तिथं बटण

लेण्यांजवळ, फर्दापूरला असलेल्या माझ्या लॉजची वेबसाइट ज्यानं केली, तो संभाजीनगरात एका जिन्याखालच्या खोलीत बसतो. एका हातात चहाचा ग्लास धरल्याशिवाय तो कुठलंही पान तपासत नाही. "लोक असंच बघतात ना ताई, दुसरा हात मोकळा कुठं असतो?" म्हणतो. मग फोन घेऊन भर उन्हात उभा राहतो आणि अक्षरं दिसतात का ते बघतो.

हंगाम तोंडावर आला होता आणि माझ्या आठही खोल्या रिकाम्या होत्या. तरी लेण्यांचे सरकते फोटो आणि सासऱ्यांचं मनोगत मी हट्टानं घालून घेतलं. तो "हौ, हौ" म्हणत करत गेला. शेवटी त्यानं शेजारच्या टपरीवरच्या चहावाल्या मावशींना बोलावून त्यांच्या हातात फोन दिला. "मावशी, उद्यासाठी एक खोली घ्या. ताई, तुम्ही अजिबात बोलायचं नाय."

मावशी बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मी तोंड उघडलं, तर त्यानं डोळे वटारले.

"नुसतं फोटोच हायत," मावशी म्हणाल्या. "खोली कुठंय?"

मी म्हटलं, "काढ सगळं."

अर्ध्या तासात मनोगत गेलं, फोटो एकच उरला आणि खाली अंगठ्याशी मोठं बटण आलं: खोली हवी. मावशींनी चटकन खोली घेतली. माझा फोन वाजला.

"आता ते बुकिंग रद्द कर," मी त्याला म्हटलं.

"रद्द कशाला?" मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं इथं काढली, लेणी बघितलीच नाय. येते की उद्या."

"चादरी घाला ताई," तो म्हणाला, "गिऱ्हाईक आलं."