काल तापलेले ससे

तळोज्याच्या आमच्या सलाईन कंपनीत हिरामणकाका ससे सांभाळायचे. मूळचे मिठागरवाले, शाळा चौथीपर्यंत. सलाईनची प्रत्येक खेप आधी तीन सशांना टोचायची आणि ताप चढला तर ती बाद करायची, असा नियम. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण त्यांच्या कवचातलं विष उरतं. ते रक्तात शिरलं की पांढऱ्या पेशी बोंब ठोकून एकमेकींना उठवतात आणि अंग तापतं. हे मी एम.एस्सी.ला शिकले होते, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका!

काका आधी सशाला मांडीवर घेऊन गप्पा मारायचे. "घाबरलेला ससा उगाच तापतो, म्याडम." तापलेल्याच्या कानाला जांभळा ठिपका लावून त्याला तीन आठवडे सुट्टी द्यायचे. "मलापण लावा की एक ठिपका," मी चिडवायचे.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात एका सोमवारी तिन्ही ससे तापले. बाटल्या दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलांना जायच्या होत्या. मॅनेजर अरविंदसाहेब म्हणाले, "उकाड्यानं तापले असतील. उद्या परत घ्या."

मंगळवारी काका रजेवर; भाचीची हळद होती. मी कालचे ठिपकेवालेच तिघे काढले. म्हटलं, यांना सुईची सवय आहे, निमूट बसतील. ताप शून्य! मी 'पास' लिहून झोकात सही ठोकली.

दुपारी काका हजर, गालाला हळद तशीच. सशांना गवत कोण घालणार म्हणून हळद सोडून आलेले. "कंचे घेतले?" मी दाखवले. काकांनी एकेकाचा ठिपकेवाला कान माझ्यापुढे धरला.

"अवो म्याडम, काल तापलेला आज तापत नाय!"

एकदा एवढी बोंब मारली की पेशी काही दिवस स्वतःच आवाज दाबतात, नाहीतर अंगाचीच राख व्हायची. परीक्षेत यावर मी पूर्ण मार्क घेतले होते. शी! मी चपला टाकून फाटकाकडे पळाले आणि निघालेल्या ट्रकपुढे हात पसरून उभी राहिले.

बुधवारी ताजे तीन ससे घेतले. तिघेही सणकून तापले. अरविंदसाहेबांनी खेप बाद केली. सगळ्या बाटल्या फोडल्या. मी रडतच काकांची माफी मागितली.

"माझी कशाला?" काका सशाचा ठिपकेवाला कान कुरवाळत म्हणाले. "यांनी सोमवारीच सांगितलं होतं. आपन ऐकलं नाय."