दुकान बंद, पाळत चालू

माझे सासरे कापडाच्या तीन मजली दुकानात चोर पकडायच्या कामावर होते. अंगात गणवेश नाही, हातात काठी नाही. गिऱ्हाईक असल्यासारखं खांबापाशी उभं राहायचं, एखादा तागा चाचपायचा आणि लोकांवर लक्ष ठेवायचं. दुकानातले लोक त्यांना 'ससाणा' म्हणायचे, आणि हे त्यांना आवडायचं.

"चेहरा रडका करता येतो, हसरा करता येतो," ते मला लग्नाच्या आठवड्यातच सांगत होते. "हात बघायचे. ज्याला विकत घ्यायचंय तो आपल्या हाताकडे बघतो. ज्याला लांबवायचंय त्याचे डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे." हे ऐकताना माझे हात कुठे होते ते मी पटकन बघून घेतलं.

साथ आली, दुकानाला कुलूप लागलं आणि ससाणा घरात येऊन बसला. बैठकीतल्या ज्या खुर्चीतून स्वयंपाकघर, मागची खोली आणि बाहेरचं दार असं सगळं दिसतं, ती खुर्ची त्यांनी धरली. जुना दमा असल्यामुळे त्यांना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची मनाई होती. म्हणजे चोवीस तास पहारा.

आम्ही बाकीचे वेळ घालवायला काही ना काही करायला लागलो. नवरा दिवसभर आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि संध्याकाळी माउथ ऑर्गन वाजवायचा, म्हणजे एकाच गाण्याची पहिली ओळ वाजवायचा. मी रिकाम्या बाटल्यांवर रंगकाम काढलं. बाबा एकेक बाटली उचलून विचारायचे, "ही कशाची होती? आत काय होतं? कोणी संपवलं?"

आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माती काढली. मागच्या अंगणातली चिकण माती चाळून, भिजवून, मळून मागच्या खोलीत बसायच्या. आधी वाट्या झाल्या, मग पक्षी, मग माणसांचे चेहरे. जन्मात कधी मातीला हात न लावलेली बाई इतकं सुबक काम करते, याचं मला अप्रूप वाटलं. बाबांना संशय आला.

"ती दार लोटून का बसते?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"एकाग्रता लागते, बाबा."

"फटीतून बघितलं मी. डोळे मिटून बसते. हात चालू आणि डोळे बंद. इतक्या वर्षांत असा माणूस मी पाहिला नाही, सूनबाई."

मी तोंडात मिठाची गुळणी धरली, कारण मला सगळं माहीत होतं. काही दिवसांपूर्वीच आईंनी डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली माझ्या हातात दिली होती आणि वर लिहिलेलं वाचून दाखव म्हणाल्या होत्या. तेव्हा मी त्यांना खिंडीत गाठलं. डोळ्यांत काचबिंदू. साथीच्या आधीच डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. त्यांनी घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. मग सगळं बंद झालं. मी डॉक्टरांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, तातडीचे रुग्ण आम्ही घेतोय, उशीर कराल तितकी नजर जाईल, आणि गेलेली परत येणार नाही.

"मी हॉस्पिटलात गेले की हे मागे लागणार," आई म्हणाल्या. "हे काय मला एकटीला जाऊ देतात? आणि त्यांची छाती तुला माहीत आहे. साथ ओसरू दे."

"तोवर डोळे?"

"म्हणून तर हाताला शिकवतेय."

त्यांनी मला शपथ घातली. मला त्यांचा राग आला, कीवही आली, आणि शपथ घेऊन मी स्वतःलाही अडकवून घेतलं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, त्याच्या पोटात काही राहत नाही.

साथीचा आईंना एक उपयोग मात्र झाला. पेपर बंद केला, तर म्हणाल्या कागदावरून रोग येतो. खरं म्हणजे एक ओळ संपली की पुढची त्यांना सापडत नव्हती. टीव्ही बंद, कारण त्याच त्या बातम्या. सुईत दोरा मी ओवायचा, कारण त्यांचे हात मातीचे. घरातली वस्तू कोणी जागची हलवली तर मात्र चिडायच्या. चेहरे करताना मला आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून आमचे गाल, नाक, हनुवटी बोटांनी चाचपायच्या. नवरा म्हणायचा, काय मस्त कला आहे, आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

बाबा खुर्चीतून हे सगळं टिपत होते. आईंचे डोळे समोर भिंतीवर आणि हात मात्र डब्यांवरून फिरतोय, हे त्यांनी पाहिलं. सासू-सुना कुजबुजतात आणि ते आले की बाटल्यांच्या रंगावर बोलायला लागतात, हेही पाहिलं. त्यांच्या धंद्यातली खूण तंतोतंत जुळत होती.

"काहीतरी लपवतेय ती," ते म्हणाले. "आणि तू तिला सामील आहेस."

"काय लपवणार? घरात आहे काय लपवण्यासारखं?"

"तेच शोधतोय."

दुकानात त्यांची एक युक्ती होती. कोणाचा संशय आला की एखादी वस्तू जागची हलवून ठेवायची. ज्याच्या मनात काही असतं तो त्या जागेकडे बघतो आणि सापडतो. एका दुपारी मी भांडी घासत असताना त्यांनी मागच्या खोलीतलं लाकडी स्टूल उचलून दाराच्या जरा आत ठेवलं आणि खुर्चीत येऊन बसले. बायको थबकते का, कुठे बघते, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आई अंगणातून वाळलेले चेहरे ताटात घेऊन आल्या. बाबांच्या समोरून गेल्या, त्यांच्याकडे बघून हसल्यासुद्धा. थबकल्या नाहीत. कुठे बघितलंही नाही. सरळ स्टुलावर गेल्या.

आवाज ऐकून मी धावले. आई जमिनीवर पडल्या होत्या, कोपर सोललेलं, ताट पालथं. नवऱ्याच्या चेहऱ्याचे दोन तुकडे झाले होते. आई घाईघाईने तुकडे गोळा करत होत्या आणि गुडघ्याशी पडलेला मोठा तुकडा सोडून भलतीकडेच चाचपत होत्या. बाबा दारात उभे राहून त्यांच्या हातांकडे बघत होते. आयुष्यभर हात बघितलेला माणूस. कोणी त्यांना काही सांगायची गरजच उरली नाही.

ते खाली बसले, तो तुकडा उचलला आणि आईंच्या हातात दिला.

"किती दिसतं तुला?"

"समोरचं दिसतं. नळीतून बघावं तसं."

"कधीपासून?"

आई पदराने हातातला तुकडा पुसायला लागल्या. मग मीच सगळं सांगून टाकलं, शपथेसकट. बाबा माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते स्टुलाकडे बघत होते.

"मी ठेवलं ते इथे," ते म्हणाले. "तुला पकडायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हाताऱ्या माणसाला बोलू नये ते मी बोलले असते, पण त्यांना धाप लागली होती. आईच म्हणाल्या, "पकडलंत ना? मग आता पाणी द्या."

दुसऱ्या दिवशी बाबा तोंडावर दोन मास्क चढवून आईंना हॉस्पिटलात घेऊन गेले. मुलाने अडवलं, मी अडवलं, त्यांनी ऐकलं नाही. कॉरिडॉरमध्ये जो खोकेल त्याच्याकडे ते असे रोखून बघायचे की दोन माणसं बाक सोडून उठून गेली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उरलेलं धरून ठेवू, पण आणखी लवकर यायला हवं होतं. किती लवकर, हे बाबांनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. साथीच्या आधीचा काळ होता तो, आणि तेव्हा ते रोज संध्याकाळी घरी येऊन आईंच्या समोरच बसत होते.

साथीने बाबांना काही केलं नाही. ते अजून त्याच खुर्चीत बसतात, पण आता पहारा वस्तूंवर आहे. स्टूल वीतभर सरकलं तरी आम्हाला बोलावून जाब विचारतात.

एक चेहरा करायचा राहिला होता, त्यांचाच. त्यांना समोर बसवलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतं, म्हणून आईंनी तो टाळला होता. डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाबा आपणहून मागच्या खोलीत जाऊन त्या स्टुलावर बसले. दार उघडंच होतं. आईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवायला सुरुवात केली. गाल झाले, नाक झालं. कपाळावर दोन भुवयांच्या मधे बोट थांबलं.

"ही आठी इतकी खोल आहे?" आई म्हणाल्या. "बघताना कधी कळलं नाही."

बाबांनी कपाळ सैल करायचा प्रयत्न केला. मला दारातून दिसत होतं.

"जात नाही गं," ते म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाल्या. "पुढे ओळखायला बरी पडेल."