न बघता केलेली सही

"वाच. मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे." साहेबांनी गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

मी उभी राहिले. सातिवलीला एका गोडाऊनच्या माळ्यावर आमचं ऑफिस. काम मतदार याद्या तपासायचं. एका बाजूला फॉर्म, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरची छापील यादी, ओळ न् ओळ ताडून बघायची. या गठ्ठ्यात चौदा जिवंत माणसांपुढे 'मयत' पडलं होतं. गठ्ठा आमच्याच गावचा, मिठागराकडचा. वरच्या 'तपासला' चिठ्ठीवर सही माझी.

वाचत गेले. पाचवं नाव माझ्या आईचं.

तिथंच थांबले. साहेबांनी वाकून बघितलं, आडनाव ओळखलं. "अरे वा! हिनं तर आईलाच मारलं!" ऑफिस फिदीफिदी हसलं. "मिठागरातल्या पोरी टेबलावर बसवल्या की हेच होणार. फावडं धरायचे हात हे." मी मान खाली घातली आणि उरलेली नऊ नावंही वाचली. त्याची मला आजही चीड येते. वाचली कशाला मी?

तो गठ्ठा मी उघडलाच नव्हता. तो मॅडमचा होता. मॅडम परमनंट, आम्ही सहा पोरी टेम्पररी. डबा खाऊन झाला की मॅडम स्वतःचे न तपासलेले गठ्ठे आमच्याकडे सरकवायच्या. "सही मार गं, टाइम नाही." आम्ही मारायचो. दर तीन महिन्यांनी आम्हाला कामातून ब्रेक. ब्रेकनंतर कुणाला परत बोलवायचं ते मॅडम सांगायच्या. आईच्या पायांना मिठानं भेगा पडल्या होत्या, तिचं काम सुटत चाललं होतं. मला परतीचं बोलावणं हवंच होतं.

मॅडम समोरच बसल्या होत्या, मोसंबं सोलत.

घरी सांगितलं. वाटलं, आई रडेल. ती उसळलीच. "मी मेले? मंग ही चूल कोन पेटवतं, माझं भूत? आनि तू न बघता सही केलीस? मी अंगठा उठवनारी बाई, पन आधी इचारते, काय लिवलंय म्हनून!"

साहेबांचं बोलणं लागलं होतं. हे त्याहून जास्त लागलं. बारावी पास मी, आणि माझ्या सहीची किंमत आईच्या अंगठ्याएवढीही नाही. स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डब्यानंतर मॅडमनी गठ्ठा सरकवला. "सही मार गं."

मी दोरी सोडली. पहिला फॉर्म वर काढला.

"अगं, तपासायचा नाहीये. फक्त सही."

"बघितल्याशिवाय करणार नाही. कालचा गठ्ठाही तुमचाच होता."

आवाज इतका मोठा निघाला, की मलाच दचकायला झालं. साहेब केबिनमधून बाहेर आले. "जास्त शहाणी झालीस का? उद्यापासून ब्रेक. परत बोलावणं नाही." शेजारची मनीषा टेबलाखालून माझी ओढणी खेचत होती. बस ना, बस ना गं. तिलाही घर होतं, मला कळत होतं. तरी मी बसले नाही.

सरळ केबिनमध्ये गेले. कालच्या गठ्ठ्याची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर होती. माझी सही खोडली. खाली पूर्ण नावानिशी लिहिलं, हा गठ्ठा मी तपासलेला नाही, मॅडमच्या सांगण्यावरून न बघता सही केली. साहेब ओरडत होते, "ए, हात लावू नकोस!" लिहून झाल्यावरच पेन खाली ठेवलं.

जिना उतरले. उद्या काय खायचं, माहीत नव्हतं. मीठ ओढीन, कुणाची भांडी घाशीन. पण दुसऱ्याच्या पापाखाली माझं नाव यापुढे कुणाच्या बापाला लिहून घेता येणार नाही.