गुरुवारचा गृहपाठ

काउन्सेलर मॅडमनी मला गृहपाठ दिला होता. गुरुवारी त्यांच्याकडून निघालं की सरळ आईकडे पळायचं नाही. आधी कुठेतरी बसायचं, स्वतःसाठी गरम काहीतरी मागवायचं, खायचं आणि मगच जायचं. ऐकायला किती सोपं! मी दर गुरुवारी नापास होत होते.

ठाण्यातच मॅडम बसतात माजिवड्याला, आई राहते वर्तकनगरला आणि मी बाळकुमला. आईला स्किझोफ्रेनिया आहे. एवढं एक वाक्य धडपणे उच्चारायला मला चाळिशी उलटावी लागली. औषधांनी आता ती बरीच सावरली आहे, मी नाही. तिने फोन पटकन उचलला नाही की मी लगेच पुन्हा लावते, आणि उचलला की आज आवाज कसा लागलाय ते मी चाचपत राहते.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "स्वतःशी जरा मायेने वागून बघा." असल्या वाक्यांनी माझं डोकंच फिरतं. मायेने म्हणजे काय करायचं, स्वतःच्याच पाठीवरून हात फिरवायचा? त्यात त्यांचा चेहरा मला ओढलेला दिसला. मी पर्स उचलली. "आज लवकर आटपूया का? तुम्ही दमलेल्या दिसताय."

"माझं मी बघेन. तुम्ही बसा."

बसले, पण मला गप्प बसवेना. म्हणून मी माझा हुकमी किस्सा काढला. लहानपणी आईचं बिनसलं की दिवसदिवस घरात गॅस पेटायचा नाही, आणि बाबा कंपनीत. शेजारच्या काकू जिन्यात हटकायच्या, "जेवलीस का गं?" नाही म्हटलं तर आईचं सगळं कॉलनीभर होणार. म्हणून मी मेन्यूसकट थापा मारायचे. एकदा ऐन महाशिवरात्रीला, अख्ख्या बिल्डिंगचा उपास असताना, मी ठणकावून सांगितलं, "हो काकू, अंड्याचं कालवण आणि भात!"

या किश्श्याला सगळे पोट धरून हसतात. मॅडम हसल्या नाहीत. "तेव्हा केवढ्या होतात?"

"आठ वर्षांची असेन."

"तशी एखादी मुलगी आज तुम्हाला जिन्यात भेटली, तर तिला काय म्हणाल?"

किती शहाणी गं तू, असं म्हणणार होते. मला सगळे तेच म्हणायचे. पण तोंडून निघालं, "अगं, किती भूक लागली असेल तुला." मला त्या पोरीची भयंकर दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. रडले तर आईलाच दोष दिल्यासारखं होईल, या भीतीने मी घाईघाईने डोळे पुसले.

खाली उतरले तर पाय सवयीने रिक्षाकडेच वळले. तेवढ्यात आईचा फोन आला.

"निघालीस का?"

"आई, आज उशीर होईल," मी एका दमात म्हणून टाकलं. "मी आधी काहीतरी खाणार आहे."

तिने उत्तर द्यायच्या आत मी सगळं रचूनही टाकलं: आता ती गोळी घेणार नाही, आतून कडी लावून बसेल, शेजारी मला फोन करतील, आणि हे सगळं कशापायी, तर माझ्या एका मसाला डोशापायी. मी रिक्षाला हात केलासुद्धा.

"बरं झालं," आई म्हणाली. "सावकाश ये. तू अशी धावतपळत येतेस ना, मलाच भीती वाटते गं. वाटतं, हिला काय झालंय?"