कुठं चाल्ली, असं विचारणारी माणसं

नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी पिंपळगाव रेणुकाईतली आमची गल्ली ओलांडायलाच मला अर्धा तास लागला. माझ्या हातात बॅग, भावाच्या डोक्यावर गादीची वळकटी, मागे आई. मी जाणार हे आठवडाभर गावभर झालेलं. तरी ओट्यावरच्या प्रत्येकानं विचारलंच, "कुठं चाल्ली गं?" आणि मीही प्रत्येकाला सांगितलं, "इथंच."

वळकटी दिसत असूनही कुणी हसलं नाही. आमच्याकडं या प्रश्नाचं उत्तर कुणाला नकोच असतं. तू दिसलीस, आमचं लक्ष आहे, एवढंच सांगायचं असतं. न विचारता कुणी पुढं गेलं, तर मात्र घरोघरी चर्चा होते की याचं काय बिनसलं.

जीपमध्ये बसताना आई म्हणाली, "तिथं कोन हाय गं आपलं?" होईल कुणीतरी, असं मी म्हणाले. तिचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही.

पुण्यात वाकडला खोली मिळाली. समोरच्या दारात सामंत काकू एकट्या राहायच्या, मुलगा परदेशात. माझी ड्युटी दुपारची. मी कुलूप लावत असताना त्याही नेमक्या बाहेर पडायच्या. मी गावच्या सवयीनं रोज विचारायचे, "काकू, कुठं निघालात?" त्या ओठ घट्ट मिटून लिफ्टमध्ये शिरायच्या. उलट मला एकदाही विचारलं नाही, म्हणून मी त्यांना घमेंडी ठरवून टाकलं. शिकलेली माणसं अशीच, वगैरे शेरेही मनात मारून झाले.

मग खालच्या मजल्यावरच्या एकीनं हसत हसत सांगितलं की सामंत काकू म्हणतात, नवीन मुलगी पाळत ठेवते. मला झोपच लागेना. गावात जिला सगळे बोलकी म्हणतात, ती इथं येऊन हेर झाली होती. दुसऱ्या दिवसापासून मी कानात इअरफोन घातले आणि खाली मान घालून जायला लागले. सोसायटीत कुणाला माझा त्रास उरला नाही. मला मात्र पुणं फार मोठं वाटायला लागलं. आई फोनवर विचारायची, "कुनाशी बोलती का न्हाई?" मी हो म्हणायचे आणि विषय बदलायचे.

एका सुट्टीच्या दिवशी काकूच दारात उभ्या. "रागावलीस का माझ्यावर? हल्ली विचारत नाहीस." मी दार पूर्ण उघडलं. त्या आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू विचारायचीस आणि मला कुठेच जायचं नसायचं गं. घरात बसवत नाही म्हणून गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. ते काय सांगायचं तुला? वाटायचं, हिनं ओळखलंय."

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडं नुसतं 'इथंच' म्हणतात, मग पुढं कुणी काही विचारत नाही. त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या. म्हणजे मी त्यांना घमेंडी समजत होते, त्या मला चोंबडी समजत होत्या, आणि दोघीही एकट्या होतो. त्या दिवसापासून आमचं जेवण बऱ्याचदा एकत्र व्हायला लागलं.

यंदा दिवाळीला गावी गेले. गल्लीत शिरताच ओट्यावरून आवाज आला, "कधी आली?" आणि लगेच, "कधी जाणार?" मी मळ्याकडं निघाले, देवीच्या दर्शनाला निघाले, पण कुठं चाल्ली हे कुणीच विचारलं नाही. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, चहाला सगळ्यांनी बोलावलं. पाहुण्याला जे विचारतात ते त्यांनी मला विचारलं. फार लागलं मनाला. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे कळेल. जे गावातच आहेत त्यांना मी एवढंच म्हणेन, एखाद्या वेळी उगीच विचारत जा.

निघायच्या आदल्या दिवशी आई शेंगदाण्याची चटणी कुटत होती आणि काकूंचा फोन आला. कधी येतेस, समोरच्या दाराचं कुलूप बघवत नाही, म्हणाल्या. "उद्या रात्री घरी पोचते," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं आणि मग आईकडं पाहिलं. तिचा हात थांबला होता.

"कोन गं?"

"समोरच्या काकू. कधी येते विचारतात."

तिनं डोळ्याला पदर लावला, तिखट उडालं म्हणाली. मग उठून फडताळातून आणखी एक डबा काढला.

"मंग त्यांच्यासाठी बी ने," म्हणाली. "आता मला बिनघोर झोप लागंल."