शनिवारचं राज्य

आमच्या नळदुर्गात आठवड्याचे सहा दिवस निजामाचं राज्य असे. शनिवारी मात्र, निदान आमच्या गल्लीपुरतं, ते नाकेदाराच्या आईचं असे. सोलापूरकडं जाणाऱ्या मालावर जकात घेणाऱ्या नाक्यावर मुलाला नोकरी लागली आणि ही अलिबागेकडची म्हातारी, आम्हा सगळ्यांची आजी, त्याच्यामागोमाग आली. अख्ख्या गावात बेने इस्राएलांचं हे एकच घर. "आम्ही यहुदी," असं आजी सांगत, तेव्हा बायका विचारत, "म्हंजे कोणापैकी?" घर मिळालं लिंगायत वाण्याच्या गल्लीत. त्यांच्या रीतीनं बकरं कापणारा माणूस गावात नव्हता, म्हणून त्या घरात मटण शिजतच नसे. आणि घरमालकाला वाटे, काय सोवळी माणसं! आजींनी हा गैरसमज लोणच्यासारखा जपला.

शनिवार त्यांचा शब्बाथ. विस्तव पेटवायचा नाही, पाणी ओढायचं नाही, दुसऱ्याला सांगायचंही नाही. आजी सांगत नसत. ओट्यावर बसून हवेशी बोलत. "गारठा काय पडलाय गो आज!" म्हटलं की आमच्या आईनं जाऊन चूल पेटवायची. "घसा नुसता कोरडा पडलाय," म्हटलं की वाणीणबाईंनी घागर उचलायची. एकदा आई वैतागून म्हणाली, "आजी, सरळ सांगा की, लाकडं किती घालू?" आजी आभाळाकडं बघत म्हणाल्या, "मागच्या खेपेला कुणीतरी ओली घातली होती." मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए.; कॉलेजात तर्कशास्त्र शिकले. याला पळवाट म्हणतात, आणि मी तसं स्पष्ट म्हणते.

वय विचारलं तर प्रत्येकीला एकच उत्तर, "तुझ्या सासूपेक्षा मोठी." नवस फिटला की एलियाहू नबीच्या नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं. गावाला मलिदा माहीत तो दर्ग्याचा, पोळी कुस्करून केलेला. कुणी तसं बोललं की आजी म्हणत, "पोळीचा कसला गो मलिदा? ती कालची पोळी." असा अपमान करून वर वाडगाभर जास्त वाढत.

मग रजाकारांचे दिवस आले. एका शुक्रवारी शेजारचं खेडं जाळल्याची बातमी आली. आईचे दिवस भरत आलेले. सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, मामाकडं पोचलं तर जीव वाचणार. पण नाक्यावर रजाकार गाड्या लुटून परत फिरवत होते. शनिवारी सकाळी बाबांनी बैल जुंपले तर आजी काठी घेऊन गाडीपुढं उभ्या. "गाडीत बसा, आजी," बाबा म्हणाले. "आज? शब्बाथला? भ्रष्ट झालायस का रे?" आणि त्या पुढं चालू लागल्या. बैलांनाही त्यांच्या चालीनं चालावं लागलं.

नाक्यावर बाहेरगावचे नवे रजाकार होते. एकानं बंदूक आडवी धरली. "कौन है अंदर?"

"या नाकेदाराची बायको, माझी सून," आजी म्हणाल्या. "पोटुशी आहे. माहेरी चाललीय."

पलीकडं नाकेदार उभे होते. त्यांचं लग्नच झालेलं नव्हतं. इतक्या लांब मुलगी द्यायला त्यांच्यातलं कुणी तयार नव्हतं. बंदूकवाल्यानं बाबांकडं बोट केलं. "और ये?"

"गाडीवान. मुका आहे. बैलं जास्त बोलतात."

बाबा भडकले, पण मुके राहिले. बंदूकवाला हसला, बाजूला झाला. "नाकेदारसाब, मुबारक!" नाकेदार कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी मान हलवली. शनिवारी गाडीत बसणं मना. खोटं बोलणं तर रोजच मना होतं. तेवढं आजींनी त्या दिवशी चालवून घेतलं.

पलीकडं माझी बहीण जन्मली. पुढं निजाम गेला, आम्ही परतलो, गावभर साखर वाटली. कालांतरानं सरहद्दच राहिली नाही, तेव्हा नाकाही उठला आणि नाकेदारांची नोकरी गेली. आजींनी मुंबई गाठली. तिथं नव्वदी ओलांडून गेल्या, असं फार उशिरा कळलं.

निघाल्या त्या सकाळी आई रडायला लागली, तर म्हणाल्या, "गप गो. पोरगी बघतेय तुझी." या खेपेला गाडीत बसल्या होत्या, वार मंगळवार होता. आम्ही मागं चालत नाक्यापर्यंत गेलो. आडवा बांबू कुणीतरी जळणाला नेला होता, चौकीत शेळ्या बसल्या होत्या. जन्मात तेव्हा एकदाच वाटलं, तिथं कुणीतरी असायला हवं होतं, गाडी अडवायला.